खूण वरच्या बाजूला

१० जून

आज दुपारी पोचलो. मोटार तळ्याच्या बांधापाशी थांबली आणि मी उतरल्या उतरल्या सरोवराचा खारट वास नाकात शिरला. आमच्या डोंगरात असा वास नसतो. मन एकदम हलकं झालं.

मऊ पाठीच्या कासवांची सोळा तळी आहेत. प्रत्येकाला फळ्यांचं कुंपण, आणि एका बाजूला वाळूचा उतार, माद्यांना अंडी घालायला. मालक साकाकी स्वतः बांधावर उभे होते. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "तू तो कोंबडीवाला ना? नीट ऐक. हे जनावर एकदा धरलं की वीज कडाडेपर्यंत सोडत नाही. सकाळी बोटं मोजून ये, संध्याकाळी पुन्हा मोजू." बाकीचे गडी हसले. मीही हसलो. माझ्या घरी रेशमाचे किडे आणि कोंबड्या असतात हे पत्रात मीच लिहिलं होतं.

राहायला सेकीसान यांच्या घरी मागची खोली मिळाली. सहा चटया मावतील एवढी, पूर्वेला खिडकी. सेकीसान या मालकांच्या थोरल्या भावाची विधवा. जेवणात भात, मिसोचं सार, मुळ्याचं लोणचं, वाफवलेलं वांगं. मी दुसऱ्यांदा भात मागायला संकोचलो तर वाडगं हिसकावून घेत म्हणाल्या, "लाजून कुणाचं पोट भरलंय?"

आईने सांगितलं आहे, रोज लिही, नाहीतर सहा इयत्तांत शिकलेली अक्षरं विसरशील. म्हणून ही वही. कोशही आणला आहे. अडलेलं अक्षर कोशात पाहिल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

१४ जून

काम अंगवळणी पडतंय. सकाळी माशांची डोकी कुटून घालायची, पाणी बदलायचं, वाळू चाळायची.

पहिल्या तळ्यात एकटीच एक मादी आहे. पाठ परातीएवढी. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला पांढरा चट्टा. सगळे तिला थोरली म्हणतात. रात्री जेवताना सेकीसान यांनी तिची हकीकत सांगितली. त्यांचे यजमान झेनइचीसान यांनी तिला बावीस वर्षं सांभाळलं. दरवर्षी तिची पहिली वीण वाळूतच राहू द्यायची, पिल्लं निघाली की ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी, तेरा ऑगस्टला, सरोवरात सोडायची. त्या संध्याकाळी दारोदार आग पेटवून घरच्या मेलेल्यांना बोलावतात, तेव्हाच. तिची पहिली वीण सरोवराची, बाकी सगळ्या आमच्या, असा करार आहे म्हणाल्या. मी विचारलं, कुणी केलेला करार? "तिच्याशी केलेला," म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

१८ जून

आज पहाटे थोरली वाळूवर चढली. मागच्या पायांनी खड्डा केला, अंडी घातली, वाळू लोटली आणि पोटाने दाबून सपाट केली. मी कुंपणाआडून सगळं पाहिलं. जाताना तिने एकदा मान लांब करून खड्ड्याकडे पाहिलं. कोंबडीसुद्धा एवढी काळजी घेत नाही.

मनात एक विचार आला आहे. लिहीत नाही.

१९ जून

शहरातल्या एका मोठ्या खानावळीला मेजवानीसाठी खूप मोठं कासव हवं होतं. मालकांनी थोरली द्यायची ठरवली. सेकीसान बांधापर्यंत आल्या, दिराशी काही बोलल्या. मालक म्हणाले, "वहिनी, दादा गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याची कासवं अजून माझ्या डोक्यावर बसवता का?" त्या परत गेल्या.

कासव असं मारतात. त्याला उताणं करायचं. उताणं पडलं की त्याला वळता येत नाही, म्हणून ते मान पूर्ण ताणून जमिनीत रोवतं आणि त्या जोरावर उलटायला बघतं. मान ताणली की ती मुठीत धरायची आणि सुरी.

उताणं करायचं काम मालकांनी मला दिलं. "काएसे!" म्हणून ओरडले, म्हणजे उलटव. मी उलटवली. जड होती. पाय हवेत सावकाश हलत होते. मग तिने मान ताणली, आणि ताणताना मालकांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मालक खूश झाले. डोंगऱ्या कामाचा निघाला म्हणाले.

२० जून

लिहून टाकतो. पहाटे पहिल्या तळ्यापाशी गेलो आणि थोरलीची वीण काढून आणली. एकवीस अंडी. गोटीपेक्षा थोडी मोठी, अगदी गोल, पांढरी.

मालक ती खड्ड्यातून काढून टाकणारच होते, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण वेगळं आहे. थोरलीच्या वंशाची एकवीस पिल्लं असली तर आमच्या गावी ओढ्याजवळ माझं स्वतःचं तळं होईल. आयुष्यभर दुसऱ्याची वाळू चाळावी लागणार नाही.

कासवाची अंडी उबवायची ही पहिलीच वेळ. चहाचं पत्र्याचं अस्तर असलेलं खोकं घेतलं. तळाला ओली वाळू, मूठ दाबली तर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकी. वर अंडी, एकमेकांना न चिकटता, त्यावर दोन बोटं वाळू. रात्री गारवा आला तर शेजारी गरम पाण्याची पत्र्याची बाटली. उष्मामापक रेशमाच्या खोलीतला, घरून आणलेला. तीस अंश.

एक गोष्ट इथल्या गड्यांकडून शिकलो. कोंबडीची अंडी दिवसातून तीनदा फिरवावी लागतात. कासवाची एकदा ठेवली की फिरवायची नाहीत. आतला जीव वरच्या कवचाला चिकटलेला असतो, उलटलं तर गुदमरून मरतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने छोटी फुली केली. खूण वर, एकवीसच्या एकवीस.

संध्याकाळी सेकीसान यांनी माझ्या पायांची वाळू पाहिली. खोलीच्या दाराकडेही पाहिलं. एकच शब्द बोलल्या, "काएश्ते." आणि आत गेल्या.

२४ जून

तो शब्द डोक्यातून जात नाही. मालकांचं काएसेही तेच. बोलताना एकच, पण आमच्या लिपीत अर्थाप्रमाणे अक्षर बदलतं; लिहायचा तर कुठल्या अक्षराने? कोशात तीन सापडतात. एक अक्षर म्हणजे उबव. दुसरं म्हणजे परत कर. तिसरं उलटव, मालक ओरडले होते ते. विचारायचं धाडस होत नाही.

त्या अंड्यांबद्दलच बोलल्या हे नक्की. अंड्यांबद्दल बोलताना साहजिकच उबव. मी पहिलं अक्षर लिहितो आहे. हे लिहिल्यावर बरं वाटलं.

२९.५ अंश. वाळू ओली.

२ जुलै

सकाळी वाळू बाजूला करून पाहिलं तर कोपऱ्यातल्या अंड्यावर फुली दिसेना. उचलून पाहिलं. खाली होती. उलटलं होतं.

कदाचित मीच झोपेत उलटवलं असेल. लहानपणापासून कोंबड्यांची अंडी फिरवायची हाताला सवय आहे. आज झोपताना मनगटाला खिडकीच्या गजाशी सुतळी बांधणार.

अंडं मेलं असणार. टाकवत नाही.

९ जुलै

सुतळी जशीच्या तशी होती. तरी पाच अंडी उलटलेली.

विजेच्या दिव्यासमोर धरून पाहिली. मेलेलं अंडं पिवळट दिसतं. ही पाचही आतून लाल आहेत, रेघा पसरल्यात, आणि बाकीच्यांपेक्षा मोठी झाली आहेत. आनंद व्हायला हवा.

दुसरी एक गोष्ट. अंघोळीचं पाणी. गरम पाण्यात गार ओतून कोमट करतात. आज बादलीत आधी गार होतं आणि वर गरम ओतलेलं, तळाला हात घातला तर बर्फ. मयताला अंघोळ घालताना असं करतात. मेलेल्यासाठी सगळं उलटं करायचं असतं, म्हणजे तो परतीची वाट विसरतो. सेकीसान चुकून करणार नाहीत. या बाई मला घालवायला बघताहेत.

खोलीला आजपासून कुलूप. किल्ली गळ्यात.

१५ जुलै

अकरा अंडी उलटलेली. कुलूप शाबूत.

सकाळी उठलो तर अंगावरचा किमोनो उजवी बाजू वर घेऊन बांधलेला. जिवंत माणूस डावी वर घेतो. मी रात्री तसाच बांधला होता, लक्षात आहे. उशीही उत्तरेला होती. घरात कुणी मेलं तरच डोकं उत्तरेला करतात.

मग मी सेकीसान यांना विचारलंच. रागाने विचारलं, हे लिहायला लाज वाटते. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मी कशाला उलटवू रे तोकुजी? मला दुसरी कामं नाहीत का? मी तुला आणलीस त्याच दिवशी सांगितलं, काएश्ते. परत कर. वाळूत ठेव जिथली तिथे. तेराला सरोवरात गेली पाहिजेत." मी म्हणालो, मला वाटलं उबव म्हणालात. त्यांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मीच खाली बघितलं. म्हणाल्या, "तुझं शिक्षण तुला फार सोयीचं आहे." आणि हसल्या. हसणं वाईट नव्हतं, दमलेलं होतं.

आता हलवली तर मरतील. पिल्लं निघाली की अर्धी परत करीन. अर्धी पुष्कळ झाली.

२२ जुलै

मालक गेले.

पहिल्या तळ्यात मिळाले. पाणी घोट्याएवढं. उताणे पडले होते आणि मान मागे ताणून डोकं चिखलात रोवलेलं, जणू त्या जोरावर उलटायला बघत होते. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. बाहेर काढायला चौघे लागलो. गळ्यावर जखम नव्हती. एक लाल रेघ फक्त, सुरीने काढावी तशी, कातडी न कापता.



२४ जुलै

अंत्यसंस्कार झाला. मयताची तयारी सेकीसान यांनी केली. गार पाण्यात गरम ओतलं. किमोनो उजवी बाजू वर. उशी उत्तरेला. पांघरूण वरचं खाली. डोक्याशी घडीचा पडदा उलटा उभा केला. मी दारात उभा राहून एकेक पाहत होतो. यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं माझ्या बाबतीत आधीच झालं आहे.

सेकीसान ओबोन जवळ येईपर्यंत दिराच्या घरी राहणार. जाताना म्हणाल्या, "अजून वेळ आहे, बाळा." बाळा म्हणाल्या. आईशिवाय मला तसं कुणी म्हणत नाही.

म्हणजे घरात आता मी एकटा.

२५ जुलै

पांघरूण वरचं खाली. सोळा अंडी.

घरात कुणी नाही.

२९ जुलै

उष्मामापक ३६.५ दाखवतोय. पाण्याची बाटली थंड आहे, खोली पंचवीस अंश. खोक्यातली वाळू ऊबदार, ओलसर, जशी काखेत असते तशी. रेशमाच्या खोलीत इतकं कधी होऊ द्यायचे नाहीत, किडे मरतात. हा आकडा माणसाचा आहे.

काल कोशात एक शब्द बघत होतो तर खालच्या ओळीत दुसरा दिसला. सूड. आमच्या भाषेत त्याला शिकाएशी म्हणतात. शि म्हणजे करणं, काएशी म्हणजे परत करणं. तेच अक्षर. मी निवडलं नाही ते.

या वर्षी वीज एकदाही कडाडलेली नाही असं गडी म्हणत होते. असं कधी होत नाही म्हणे.

३ ऑगस्ट

आरशात दाढी करताना दिसलं. कपाळाच्या मधोमध पेन्सिलीची फुली. छोटी. उजवी रेघ थोडी लांब. माझी फुली अशीच येते, शाळेपासून.

साबणाने घासली. गेली नाही. कातडीच्या आतून आहे.

अंडी वीस. फक्त एक खूण वर आहे.

६ ऑगस्ट

मी उताणा झोपतो. नेहमी. आज जाग आली तेव्हा पालथा होतो. कपाळ चटईवर, खूण खाली. हात अंगाशी, पाय सरळ. कुणीतरी काळजीने उलटवावं तसा. श्वास घेता येत नव्हता. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो —

ठरवलं. परत करणार.

१० ऑगस्ट

आज पहाटे खोकं घेऊन पहिल्या तळ्यापाशी गेलो. सगळं बरोबर केलं. थोरलीचा खड्डा शोधला, हाताने उकरला. सरोवरावर धुकं होतं. फार शांत वाटलं. एकेक अंडं खाली ठेवायला लागलो. सात ठेवली.

आठवं हातातच फुटलं.

पिल्लू नाण्याएवढं. काळं, ओलं, नाक टोकदार. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला पांढरा चट्टा. तळहातावर उभं राहिलं आणि मान लांब करून माझ्याकडे पाहिलं. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. तिच्यासारखीच होणार. परातीएवढी होणार. माझ्या ओढ्याजवळ, माझ्या तळ्यात —

सातही परत उचलली. खोकं घेऊन घरी आलो.

तेराला अजून तीन दिवस आहेत. तेराला नक्की.

११ ऑगस्ट

चोवीस जूनला मी इथे खोटं लिहिलं. सेकीसान कुठला शब्द बोलल्या ते मला तेव्हाच कळलं होतं. आवाजावरून कळतं. माझ्या पायांच्या वाळूकडे बघून कुणी 'उबव' म्हणत नाही. मी कोश उघडला तो मला हवं ते अक्षर सापडावं म्हणून.

हे निदान नीट लिहिलं पाहिजे. एकही अक्षर चुकू नये.

१२ ऑगस्ट, सकाळ

सगळी फुटली. एकवीस. सगळ्यांना पांढरा चट्टा. पाण्याच्या भांड्याकडे एकही गेलं नाही. खोलीतून चालत माझ्या अंथरुणापाशी आली आणि गोल करून थांबली. मान लांब करून.

उचलून भांड्यात ठेवायला हात पुढे केला. एकाने उजव्या हाताची करंगळी धरली. मग दुसऱ्याने शेजारचं बोट. नाण्याएवढं तोंड, पण —

सुटत नाहीत. पाण्यात धरलं. मीठ लावलं. ओढलं तर माझंच मांस येतंय.

१२ ऑगस्ट, दुपार

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाईट येतंय, माफ कर आई. उजव्या हाताला पाच. पायांना आठ की नऊ. दुखत नाही आता. जड वाटतंय फक्त. दारापर्यंत जायचं होतं. सेकीसान काल परत आल्यात, स्वयंपाकघरात आवाज येतोय. हाक मारली. घशातून हवा आली नुसती.

दाराशी माझ्या चपला आहेत. बाहेर जाणाऱ्या माणसासाठी ठेवतात तशा, टाचा आत. मी ठेवल्या नव्हत्या.

आकाश निरभ्र. वीज नाही. ढगसुद्धा नाही.

१३

सेकीसान दारापाशी आल्या होत्या. आत आल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, तोकुजी, वेळ झाली, आण ती. वाट पाहिली. मग म्हणाल्या, मी सांगितलं होतं रे. रडत होत्या बहुतेक. गेल्या. फाटकापाशी आग पेटवतायत, जळत्या काड्यांचा वास येतोय. प्रत्येक घरी. सगळे परत येताहेत आज —

१३ संध्याकाळ

उताणा आहे. जाग आली तेव्हापासून. वळता येत नाही. हात पाय हलतात, सावकाश, हवेत. वही छातीवर. पिल्लं सोडून गेली. दाराकडे गेली, ओळीने. बाहेर सरोवर आहे.

ती आली आहे. परातीएवढी. डोक्यामागे कुठेतरी, चटईवर नखं वाजताहेत. दिसत नाही. मान वळवली तरी दिसत नाही.

कपाळावरची खूण वर आहे. खूण वर आहे म्हणजे बरोबर आहे. म्हणजे जिवंत —

उठायचंय. एकच मार्ग आहे. डोकं जमिनीत रोवायचं, जोर लावायचा, उलटायचं. फक्त मान जरा ताणायला हवी. पूर्ण ताणली की जमेल. तीही असंच समजली होती. तिनेही मान ता